जाळणाऱ्यांना कळलेलं पुस्तक

१९३९ सालचा एक कृष्णधवल फोटो आहे. जागा कॅलिफोर्नियातलं बेकर्सफील्ड. तीन माणसं उभी आहेत आणि त्यांतल्या एकाच्या हातात पेटतं पुस्तक आहे. पुस्तकाचं नाव 'द ग्रेप्स ऑफ रॉथ', म्हणजे 'क्रोधाची द्राक्षं', लेखक जॉन स्टाइनबेक. बाजूला उभे असलेले दोघे बड्या शेतमालकांच्या गोटातले. ते तिथे का आले हे कुणी सांगायची गरज नाही. पण पुस्तक ज्याच्या हातात आहे तो क्लेल प्रुएट नावाचा साधा शेतमजूर होता. ही कादंबरी ज्यांची बाजू घेऊन उभी राहिली, त्यांच्यातलाच एक. त्याने ती वाचलेली नव्हती. रेडिओवर तिच्याबद्दल काहीबाही ऐकलं आणि तेवढ्यानेच त्याचं डोकं फिरलं. पुढे कित्येक दशकांनी रिक वॉर्ट्झमन या पत्रकाराने त्याला शोधून काढलं आणि कादंबरी वाचायला दिली. म्हाताऱ्या प्रुएटने ती वाचली आणि जाळल्याचं आपल्याला काहीही वाईट वाटत नाही, असं सांगितलं.

या कादंबरीविषयी वाचक काय काय म्हणत आले आहेत ते मी अनेक वर्षं वाचते आहे, ऐकते आहे, कधी मुद्दाम विचारतेही. त्या सगळ्यांत प्रुएटचं हे उत्तर माझ्या मनातून हलत नाही. आजच्या बहुतेक वाचकांना ही कादंबरी आवडते. का आवडली हे सांगताना त्यांच्या तोंडी ठरावीक शब्द येतात : जिद्द, आशा, संकटांवर मात, माणसाची चिवट जीवनेच्छा. हे ऐकलं की मी अस्वस्थ होते. जाळणाऱ्यांनी या पुस्तकावर अन्याय केला यात वादच नाही. पण हे पुस्तक आपल्याशी भांडायला आलं आहे, आपल्याकडे काही मागतं आहे, हे त्या मालकांनी अचूक ओळखलं होतं. 'प्रेरणादायी' म्हणून त्याची पाठ थोपटणाऱ्यांना ते तेवढं कळलेलं नाही, असं मला अगदी मनापासून वाटतं.

कथा थोडक्यात सांगते. ओक्लाहोमातल्या सॅलिसॉ गावाजवळ वाट्याने शेती करणारं जोड कुटुंब. दुष्काळ, कापसाचे पडलेले भाव, बँकेचं कर्ज. मग एक दिवस ट्रॅक्टर येतो आणि घराचा कोपरा पाडून पुढे जातो. कॅलिफोर्नियात फळं तोडायला माणसं हवीत अशी पत्रकं वाटली गेलेली असतात. एका जुन्या हडसन मोटारीचा ट्रक करून डझनभर माणसं ६६ नंबरच्या महामार्गाने पश्चिमेला निघतात. आजोबा वाटेत जातात, त्यांना रस्त्याकडेलाच पुरावं लागतं. आजी वाळवंट ओलांडताना जाते आणि मा, म्हणजे या घराची आई, तपासनाक्यावर अडवू नये म्हणून रात्रभर त्या प्रेताशेजारी पडून राहते. थोरला मुलगा नदीकाठाने चालत निघून जातो. गर्भार मुलीचा नवरा पळतो. पोचल्यावर कळतं की आठशे माणसांच्या कामासाठी हजारो पत्रकं छापली होती, कारण भुकेली माणसं जितकी जास्त तितकी मजुरी खाली. पीचच्या एका पेटीला पाच सेंट मिळत असतात. संप मोडला की त्याचे अडीच होतात.

पुस्तक एप्रिल १९३९मध्ये आलं आणि त्या वर्षी अमेरिकेत सर्वाधिक खपलं. पुढच्याच वर्षी पुलित्झर मिळालं. आणि २१ ऑगस्ट १९३९ रोजी, जिथे या कथेचा मोठा भाग घडतो त्याच केर्न काउंटीच्या पर्यवेक्षक मंडळाने चार विरुद्ध एक मतांनी ते सरकारी शाळा-ग्रंथालयांतून हद्दपार केलं. बेकर्सफील्ड हे त्या काउंटीचं मुख्य गाव. ग्रंथपाल ग्रेचेन निफ यांनी मंडळाला पत्र लिहून विरोध नोंदवला : आज हे पुस्तक, उद्या दुसरं, परवा कुणा तिसऱ्याच गटाच्या मागणीवरून आणखी एक, आणि बंदी घातल्याने विचार मरत नाहीत. त्या मंडळाच्याच नोकरीत होत्या, हे लक्षात घेतलं की त्या पत्राची किंमत कळते. बंदी उठली जानेवारी १९४१मध्ये.

विरोधकांचे आक्षेप मुख्यतः दोन. हे खोटं आहे, आणि हे अश्लील आहे.

खोटेपणाचा आरोप सर्वांत मोठ्या आवाजात झाला तो थेट अमेरिकेच्या संसदेत. जानेवारी १९४०मध्ये ओक्लाहोमाचे प्रतिनिधी लाइल बोरेन यांनी सभागृहात उभं राहून ही कादंबरी म्हणजे एका विकृत मेंदूतून निघालेलं काळंकुट्ट असत्य आहे, अशा अर्थाचं भाषण केलं. इकडे कॅलिफोर्नियात बागायतदारांची बाजू मांडणारे लेख आणि पुस्तकं निघाली. स्टाइनबेक राहत होता त्याच लॉस गॅटोसमधल्या लेखिका रूथ कम्फर्ट मिचेल यांनी १९४०मध्ये शेतमालक कुटुंबाचा चांगुलपणा दाखवणारी प्रतिकादंबरीच लिहिली. कादंबरीला उत्तर म्हणून कादंबरी लिहावीशी वाटावी, इतकं ते पुस्तक झोंबलं होतं. तेव्हाच्या अमेरिकन अध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट मात्र एप्रिल १९४०मध्ये स्वतः या स्थलांतरित मजुरांच्या छावण्या पाहून आल्या. पत्रकाराने विचारल्यावर त्यांनी सांगितलं की या कादंबरीत अतिशयोक्ती आहे असं आपल्याला कधीच वाटलं नव्हतं.

खरं-खोटं करायचंच तर नीट करावं. सॅलिसॉ हे गाव ओक्लाहोमाच्या पूर्व टोकाला, आर्कान्साच्या सीमेजवळ आहे. धुळीची ती भयंकर वादळं उठली ती मुख्यतः दूर पश्चिमेला, राज्याच्या त्या चिंचोळ्या पट्ट्यात आणि त्याच्या आसपास. ओक्लाहोमाच्या वाचकांनी ही चूक तेव्हाच दाखवली आणि ती चूकच आहे. पण जोड कुटुंबासारख्यांना जमिनीवरून उठवलं ते एकट्या धुळीने नव्हे. पीक कमी घ्या, आम्ही पैसे देतो, अशी योजना सरकारने १९३३ साली आणली. पैसे बहुतेक ठिकाणी जमीनमालकाच्या हातात पडले. त्याने जमीन पडीक ठेवली, वाटेकऱ्याला काढलं आणि बऱ्याचदा त्याच पैशाने ट्रॅक्टर घेतला. कादंबरीत हा ट्रॅक्टर आहे, आणि तो धुळीपेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापून आहे. नकाशा चुकला असेल. कारण चुकलेलं नाही.

आणि हे सारं स्टाइनबेकने टेबलाशी बसून रचलेलं नव्हतं. १९३६च्या ऑक्टोबरात त्याने 'सॅन फ्रान्सिस्को न्यूज'साठी या स्थलांतरितांवर सात लेखांची मालिका लिहिली होती. टॉम कॉलिन्स नावाचा सरकारी छावणीचा व्यवस्थापक त्याला सोबत घेऊन फिरत होता. आपले तपशीलवार अहवालही त्याने स्टाइनबेकच्या हवाली केले. कादंबरीच्या अर्पणपत्रिकेत दोन नावं आहेत : पत्नी कॅरल, आणि 'हे जगलेला' टॉम. १९३८च्या सुरुवातीला व्हायसेलिया भागात पूर आला तेव्हा हे दोघे चिखल तुडवत, तंबूत अडकलेल्या उपाशी कुटुंबांपर्यंत पोचले होते. शेवटच्या प्रकरणातला पाऊस तिथला आहे.

त्या शेवटाविषयी थांबून बोलायला हवं, कारण अश्लीलतेचा सगळा गदारोळ तिथे येऊन पोचतो. शिव्या, ओबडधोबड बोलणं, धर्मोपदेशकाने दिलेल्या कबुल्या यांवरही लोक रागावले. पण शेवटाने तर अनेकांची झोप उडवली. पुराचं पाणी चढतंय. जोडांच्या त्या गर्भार मुलीला, रोझ ऑफ शॅरनला, नुकतंच मेलेलं मूल झालंय. जॉनकाकाने ते सफरचंदाच्या खोक्यात घालून पाण्यात सोडून दिलंय, जा आणि त्यांना सांग, असं म्हणून. उरलेली माणसं एका कोठारात आसरा घेतात. तिथे एक मुलगा आणि त्याचा उपासमारीने मरणाला टेकलेला बाप. बापाने आपल्या वाट्याचं मुलाला देऊन सहा दिवस काही खाल्लेलं नाही. आता घास पोटात टिकत नाही. मा आणि मुलगी एकमेकींकडे बघतात. बाकीच्यांना बाहेर काढलं जातं. आणि ती मुलगी त्या अनोळखी माणसाला अंगावर पाजते. कादंबरी तिथेच संपते.

प्रकाशकांना हे फार अचानक वाटलं. तो माणूस आधीपासून कथेत कुठे तरी आणा, वाचकाची त्याच्याशी ओळख होऊ दे, अशी त्यांची सूचना होती. स्टाइनबेकने ठाम नकार दिला. तो माणूस अनोळखीच हवा, ती भेट योगायोगानेच घडायला हवी, आणि त्या दुधाला भाकरीच्या तुकड्याहून जास्त प्रेमाचं प्रतीक मानू नका, असं त्याने कळवलं.

मला हे उत्तर फार मोलाचं वाटतं. ओळखीच्या माणसासाठी आपण काय काय करतो याच्या गोष्टी जगात मुबलक आहेत. या सबंध कादंबरीत मा एकाच गोष्टीसाठी झगडते : कुटुंब फुटू द्यायचं नाही. पहिल्या पानांपासून तिचा हाच हट्ट आहे. त्यासाठी ती एकदा खुद्द नवऱ्यावर जॅकचा दांडा उगारते. आणि तरीही कुटुंब फुटतं. एकेक माणूस गळत जातो. मग शेवटी ती जे करते ते कुटुंबासाठी नसतंच. एकेकाळी कुटुंब आधी असायचं, आता तसं नाही, आता कुणीही असो, अशा आशयाचं ती एका शेजारणीला शेवटाकडे सांगते. ही बाई हजार मैल चालून कुठे पोचली, हे पाहायचं असेल तर ते इथे आहे. तो माणूस जर आधीच ओळखीचा करून ठेवला असता तर हे सगळं पाण्यात गेलं असतं.

आमच्या वाचनगटात या शेवटावर बोलणं झालं तेव्हा दोघातिघांनी सांगितलं की त्यांनी तो वाचून पुस्तक लांब सरकवून ठेवलं. किळस नाही, पण बघवत नाही असं काहीतरी. एकाला ते नाटकी वाटलं, प्रतीक ठोकून बसवल्यासारखं. गटातल्या सर्वांत वयस्कर बाई तोवर गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "मूल राहिलं नाही तरी दूध येतं. दोन-तीन दिवसांनी भरून येतं, दुखतं. त्याचं काय करायचं हे कुणी सांगत नाही." त्यांनी आणखी काही सांगितलं नाही आणि आम्ही कुणी विचारलं नाही. मी त्या प्रकरणावर बरीच समीक्षा वाचली आहे. मायकेलअँजेलोच्या शिल्पांपासून बायबलपर्यंत सगळे संदर्भ त्यात येतात. त्या बाईंनी जे सांगितलं ते मला त्यात कुठे भेटलं नव्हतं. त्यानंतर मला तो शेवट प्रतीक म्हणून वाचताच येत नाही. रोझ ऑफ शॅरनला ते दूध दुखत असणार. तिच्या ओठांवर जे गूढ हसू स्टाइनबेकने ठेवलं आहे त्यात ही शारीरिक सुटकाही असणार.

आता ज्यांच्यावर हे लिहिलं त्या लोकांकडे वळते. त्यांना 'ओकी' म्हणत, आणि ती शिवी होती. शाळेत मुलांना तोंडावर म्हटली जाणारी. यातल्या काहींना कादंबरी आपली वाटली. आपलं दुःख कुणीतरी मांडलं म्हणून त्यांनी ती जपून ठेवली. पण अनेकांना ती लाजिरवाणी वाटली. अडाणी, शिवराळ, रस्त्याकडेला उघड्यावर संसार मांडलेली माणसं हेच त्यांचं रूप जगभर पोचलं. जे लोक धडपडून एखादं दोन खोल्यांचं घर बांधत होते, मुलांना धुतलेले कपडे घालून शाळेत पाठवत होते, त्यांना या पुस्तकाने पुन्हा त्या चिखलातल्या तंबूत नेऊन बसवलं. प्रुएटचा राग मला इथे उमगतो. आपल्या गरिबीचं वर्णन दुसऱ्याने करावं आणि त्यावर शहरातल्या लोकांनी हळहळावं, हे सोसणं उपासमार सोसण्याहून सोपं असेलच असं नाही. स्वाभिमानाने चिडलेला वाचक हा पुस्तकाचा शत्रू नसतो. त्याने ते जाळलं तरीही मला त्याच्यावर रागावता येत नाही. शेजारी उभ्या असलेल्या दोघांवर येतं.

याच प्रश्नाला जोडून सनोरा बॅबची आठवण येते. ती मूळची ओक्लाहोमाची, १९०७ साली जन्मलेली, कोरडवाहू शेतीचे हाल लहानपणी भोगलेली. १९३८मध्ये ती याच टॉम कॉलिन्सबरोबर छावण्यांत काम करत होती, लोकांशी बोलून टिपणं काढत होती. कॉलिन्सने ती टिपणं स्टाइनबेकला दाखवली. तिची स्वतःची कादंबरीही तयार होत आली होती, रॅन्डम हाउसला पसंत पडली होती. तेवढ्यात 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' आली आणि बाजारात याच विषयावरचं दुसरं पुस्तक चालणार नाही म्हणून तिचं हस्तलिखित बाजूला पडलं. ते छापून आलं २००४ साली. तेव्हा ती सत्याण्णव वर्षांची होती. पुढच्याच वर्षी ती गेली. तिची माणसं स्टाइनबेकच्या माणसांइतकी भव्य नाहीत. कुणी भाषण करत नाही, कुणी ख्रिस्तासारखं मरत नाही. पण त्यांच्या घरात हिशेबाची वही आहे, मुलांचे अभ्यास आहेत, बायकांचं आपापसातलं बोलणं आहे. हे लोक प्रुएटने जाळले नसते, असं मला वाटतं. या गोष्टीने स्टाइनबेकची कादंबरी लहान होत नाही. पण ती वाचणाऱ्याने बॅबचं पुस्तकही वाचावं, हा माझा आग्रह आहे.

अलीकडचे वाचक आणखी एक प्रश्न विचारतात आणि तो रास्त आहे : या शेतांत मेक्सिकन, फिलिपिनो, जपानी मजूर कुठे आहेत? तिशीच्या दशकात लाखो मेक्सिकन वंशाच्या लोकांना अमेरिकेतून बाहेर काढलं गेलं किंवा जायला भाग पाडलं गेलं. त्यांतले कितीतरी अमेरिकेत जन्मलेले होते. त्यांच्या रिकाम्या जागेवर ओकी आले. कादंबरीत याचा ओझरता उल्लेख आहे. एकोणिसाव्या प्रकरणात कॅलिफोर्नियाची जमीन आधी मेक्सिकनांची होती आणि ती भुकेल्या अमेरिकनांनी बळकावली हे स्पष्ट लिहिलेलं आहे, पुढे आणलेल्या परदेशी मजुरांच्या नावांची यादीही आहे. म्हणजे त्याला माहीत होतं. तरी त्यांच्यातला एकही माणूस नावानिशी आपल्यासमोर येत नाही. शिवाय ज्या सॅलिसॉमधून जोडांना हाकलतात तो भाग चेरोकींचा. चेरोकी लिपी तयार करणारा सेक्वोया याच परिसरात राहत होता, त्याच्या नावाचीच ती काउंटी आहे. आजोबांनी इंडियनांना मारून ही जमीन घेतली, असं कादंबरीतला वाटेकरी अभिमानाने सांगतो. चेरोकींना १८३८-३९मध्ये सक्तीने चालवत तिथे आणलं होतं. जोडांचा ट्रक निघतो त्याच्या साधारण शंभर वर्षं आधी. हे ठाऊक झाल्यावर ती ओळ सुखाने ओलांडता येत नाही.

बऱ्याच वाचकांची एक तक्रार मी कायम ऐकते : मधली प्रकरणं कंटाळवाणी आहेत, आम्ही ती सोडून देतो. तीसपैकी सोळा प्रकरणांत जोड कुटुंब नाहीच. कासव रस्ता ओलांडतं, जुन्या मोटारींचा दलाल गिऱ्हाईक गाठतो, भाव टिकावेत म्हणून संत्र्यांच्या ढिगांवर रॉकेल ओततात आणि भुकेली माणसं कुंपणाबाहेरून बघतात. मीही कुणाला पहिल्यांदा वाचायला दिली तर हे सोडू नकोस एवढंच सांगते. पाचव्या प्रकरणात ट्रॅक्टरवाला घर पाडायला येतो. तो शेजारच्याच डेव्हिसचा मुलगा निघतो. दिवसाला तीन डॉलर मिळतात, घरी बायकापोरं आहेत, मी नाही केलं तर दुसरा करेल. मग हुकूम देणाऱ्याला गोळी घालतो, म्हणतो वाटेकरी. त्याला बँकेचा हुकूम आहे. मग बँकेच्या अध्यक्षाला घालतो. त्यांना पूर्वेकडून हुकूम येतात. मग गोळी घालायची कुणाला? या प्रश्नाला पुस्तकात उत्तर नाही. मालकवर्ग याच प्रश्नाने धास्तावला होता, आणि 'प्रेरणादायी' म्हणणारे वाचक नेमकी हीच पानं उलटून पुढे जातात.

पंधरावं प्रकरण माझ्या विशेष जिव्हाळ्याचं. महामार्गावरचं एक छोटं खाणावळवजा दुकान. एक फाटका माणूस दहा सेंटचा पाव मागतो, पाव पंधराचा असतो. तिथे वाढणारी माई आधी नकार देते, मग आतून आचारी ओरडतो, देऊन टाक. पोरांची नजर काचेतल्या रंगीत कांड्यांवर खिळलेली. त्या कांड्या पाच सेंटला एक. ती त्या सेंटला दोन म्हणून सांगते. ट्रकवाले हे पाहतात आणि जाताना भरघोस टीप ठेवतात. ती टीप मला किंचित जास्त गोड वाटते. स्टाइनबेकला चांगुलपणाचं बक्षीस लगेच द्यायचा मोह झाला असावा. पण माईने खोटा भाव सांगितला तो क्षण निखळ आहे. त्या बापाला भीक घेतल्यासारखं वाटू नये, एवढीच काळजी तिने घेतली. असाच एक क्षण पीचच्या मळ्यातल्या दुकानात आहे. सगळ्या घराने दिवसभर राबून एक डॉलर कमावलेला असतो. साखरेला दहा सेंट कमी पडतात. तिरकस बोलणारा दुकानदार ते स्वतःच्या खिशातून टाकतो. मा त्याला सांगते की अडचण आली तर गरिबाकडे जावं, मदत तेच करतात.

या दोन प्रसंगांवरून कुणाला कादंबरी आशावादी वाटली तर मी समजू शकते. पण त्या आशेचं बरंचसं श्रेय सिनेमाला जातं. जॉन फोर्डचा चित्रपट १९४०च्या जानेवारीत आला. कादंबरीत स्वच्छ, लोकांनी चालवलेली सरकारी छावणी आधी येते आणि पीचचा मळा, खून, पूर नंतर. सिनेमाने हा क्रम उलटवला : आधी मळा, मग छावणी. शेवटी ट्रकमध्ये बसलेली मा म्हणते, आम्ही लोक आहोत, आम्ही कायम राहणार. हे वाक्य कादंबरीतही आहे, पण अर्ध्या वाटेवर. त्याच्यानंतर अजून सगळी वाताहत व्हायची असते. निर्माते झॅनक यांनी ते उचलून अखेरीला बसवलं. हेन्री फोंडाने रंगवलेला टॉम, जोडांचा मुलगा आणि कथेचा नायक, मला फार आवडतो, चित्रपट म्हणून ते काम मोठंच आहे. पण क्रम बदलला की अर्थ बदलतो. वाक्य तेच ठेवून मागण्याची जागा दिलाशाने घेतली. आज कादंबरी वाचणारे अनेकजण नकळत सिनेमाचा शेवट डोक्यात घेऊन वाचतात.

आणि दिलासा द्यावा असं तेव्हा कायद्यातही काही नव्हतं. कामगारांना संघटनेचा हक्क देणारा १९३५चा कायदा झाला, त्यातून शेतमजूर वगळले गेले. १९३८ साली किमान वेतन ठरलं, त्यातूनही ते वगळले गेले. टॉम जोड संपाच्या बाजूने उभा राहतो तेव्हा त्याच्या पाठीशी देशातला कुठलाही कायदा नाही. हे माहीत नसलं तर ही कादंबरी नुसती हृदयद्रावक वाटते. माहीत असलं की राग येतो, आणि लेखकाला रागच हवा होता. नाव काय ठेवलंय ते पाहा.

गटातल्या एका विशीतल्या मुलीने विचारलं होतं, पुढे त्यांचं काय झालं? कादंबरी सांगत नाही. इतिहास सांगतो. युद्ध आलं. जहाजबांधणीच्या गोद्या आणि विमानांचे कारखाने यांना माणसं हवी होती, ओकींना पगाराच्या नोकऱ्या लागल्या, त्यांची वणवण संपली. शेतं ओस पडायला लागली तेव्हा १९४२ साली सरकारने मेक्सिकोशी करार करून तिथले मजूर आणले. ती व्यवस्था १९६४पर्यंत चालली. म्हणजे तंबू तेच राहिले, आतली माणसं बदलली. १९६५च्या सप्टेंबरात केर्न काउंटीतल्याच डेलानोमध्ये लॅरी इटलिआँग यांच्या नेतृत्वाखाली फिलिपिनो मजुरांनी काम थांबवलं. तासाला १ डॉलर ४० सेंट ही त्यांची मागणी. आठवडाभराने सेझर चावेझ यांची मुख्यतः मेक्सिकन मजुरांची संघटना त्यांना येऊन मिळाली. कादंबरीत ज्यांना चेहरे नव्हते ते हे लोक. पीक होतं द्राक्षं. पाच वर्षं तो लढा चालला, देशभर लोकांनी द्राक्षं घेणं बंद केलं आणि १९७०च्या जुलैत डेलानोच्या बागायतदारांनी करारावर सह्या केल्या. शेतमजुरांच्या संघटनेला मान्यता देणारा कायदा कॅलिफोर्नियात झाला तो १९७५ साली. स्टाइनबेक १९६८मध्येच गेला होता.

जोडांचा धाकटा विनफिल्ड कादंबरीत दहा वर्षांचा आहे. डेलानोचा संप सुरू झाला तेव्हा तो सदतीस-अडतीसचा असता. कदाचित बेकर्सफील्डला स्वतःचं घर असलेला, कदाचित एखाद्या बागेवर मुकादम. मजूर झेंडे घेऊन रस्त्याच्या कडेला उभे असताना तो गाडी थांबवून त्यांच्यात गेला असता, की काच वर करून पुढे निघाला असता? त्या मुलीला खात्री आहे की तो थांबला असता, त्याने आपल्या बहिणीला त्या कोठारात पाहिलं होतं. मी तिला सांगितलं की त्याला आणि त्याच्या दुसऱ्या बहिणीला, रूथीला, त्या वेळी बाहेर काढलं होतं, त्याने काहीच पाहिलेलं नव्हतं. तिने पुस्तक उघडून ते पान पुन्हा वाचलं आणि तरीही ती ऐकायला तयार नाही. आमचा हा वाद अजून मिटलेला नाही.